‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे: विमानांच्या वाटेने तांत्रिक इंग्रजी

पाटीपेन्सिल

माझ्या बहिणीचा मुलगा दीड वर्षापासून आमच्याकडे राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स, आणि आता विमान देखभालीच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला. मी वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यामुळे बहिणीने मोठ्या विश्वासाने त्याला माझ्या हवाली केलं, “तुझ्याकडे राहिला तर इंग्रजी तरी सुधारेल.”

पहिल्याच महिन्यात माझी विकेट पडली. तो वहीत एक वाक्य घेऊन आला: ‘द विंग स्टॉल्स ॲट द क्रिटिकल अँगल ऑफ अटॅक.’ मी ठसक्यात अर्थ सांगितला. स्टॉल म्हणजे गाडी घाटात बंद पडते तसं इंजिन बंद पडलं, क्रिटिकल म्हणजे परिस्थिती गंभीर, अटॅक म्हणजे हल्ला. पोरगं बिचारं सगळं उतरवून घेत होतं. वाक्यात इंजिनाचा उल्लेखच नाही, स्टॉल होतोय तो पंख, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो तो अँगल ऑफ अटॅक. त्यात भांडणतंटा काही नाही. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला, साधारण पंधरा अंशांच्या आसपास, की पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि उचल ढासळते. ती मर्यादा म्हणजे क्रिटिकल. इंजिन पूर्ण ताकदीने गुरगुरत असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. ‘हायड्रॉलिक’ त्याला कधी अडला नाही. ‘टर्बोप्रॉप’ही नाही. अडतात ते आपल्याला येतात असे वाटणारे घरगुती शब्द: लिफ्ट, ड्रॅग, स्ट्रेस, स्ट्रेन, स्किन, रिब, क्रीप, फटीग, ब्लीड, प्ले, सीट. डिक्शनरीत पहिला अर्थ सापडतो, तो वाक्यात बसतोय असंही वाटतं, आणि तो चुकीचा असतो.

शब्दांच्या याद्या पाठ करून बघितल्या, टिकल्या नाहीत. मग दर रविवारी सकाळी आम्ही दोघं उड्डाणाचा इतिहास वाचायला बसलो. ज्या क्रमाने माणसाला अडचण आली त्या क्रमाने शब्द घ्यायचे, एवढाच नियम. सुरुवात जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाच्या चांदीच्या चकतीपासून. १७९९ साली त्याने एका बाजूला स्थिर पंखांच्या यंत्राचं चित्र कोरलं आणि दुसऱ्या बाजूला पंखावरच्या बळांची आकृती: एक वर उचलणारं, एक मागे ओढणारं. पाखरासारखे पंख फडफडवायचा नाद सोडून उचलीचं काम वेगळं आणि पुढे ढकलण्याचं काम वेगळं, हा विचार तिथून सुरू होतो. ती चकती समजली की लिफ्ट आणि ड्रॅग वेगळे पाठ करावे लागत नाहीत. (लिफ्टला ‘उचल’ म्हटल्यावर भाच्याला आधी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आठवली, ते सोडा.)

मग राइट बंधू. ते ड्रॅगला ‘ड्रिफ्ट’ लिहायचे. आज ड्रिफ्ट म्हणजे वाऱ्याने बाजूला सरकणं. विमानाच्या पुढे बसवलेल्या एलेव्हेटरला, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या पट्टीला, ते ‘फ्रंट रडर’, पुढचं सुकाणू, म्हणायचे. म्हणजे शब्दसुद्धा तेव्हा कच्चेच होते. हे बघून भाच्याला केवढा धीर आला!

आमचा सगळ्यात आवडता धडा मात्र १७ डिसेंबर १९०३ ची तार. किटी हॉकहून वडिलांना पाठवलेली. त्यात वाक्यं नाहीतच, नुसते शब्दांचे तुकडे: चार यशस्वी उड्डाणं, एकवीस मैलांच्या वाऱ्याविरुद्ध, ‘ॲव्हरेज स्पीड थ्रू एअर थर्टी वन माइल्स’, सर्वांत लांब ५७ सेकंद, वर्तमानपत्रांना कळवा, नाताळला घरी. मी सांगितलं, यात गाळलेली क्रियापदं भर. तो क्रियापदं सोडून भागाकार करत बसला. पहिलं उड्डाण १२० फूट, १२ सेकंद. म्हणजे सेकंदाला १० फूट, ताशी जेमतेम ७ मैल. म्हणाला, “मावशी, तार खोटी आहे. एकतीस मैल कुठले? एवढ्या वेगाने तर मी पळेन.”

मी गप्प. दोन दिवसांनी त्यालाच सुचलं. तारेत ‘थ्रू एअर’ आहे. जमिनीवरून मोजलेला वेग नव्हे, हवेतून कापलेला. चौथं उड्डाण ८५२ फुटांचं. त्याचा जमिनीवरचा वेग काढला तर ताशी १० मैलांच्या आसपास येतो. त्यात समोरच्या वाऱ्याचे २१ मिळवा. एकतीस! एअरस्पीड आणि ग्राउंडस्पीड हा फरक त्याला आता जन्मात कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तर मंडळी, तुम्ही कुठल्या शब्दावर आपटलात? विमानक्षेत्रातलेच हवेत असं नाही, पण तिथलेच आले तर बरं. आमचे पुढचे रविवार भरायचे आहेत.

मालवणचो_झील

मस्त धागा. माझी भर: अर्धी विमानं आमच्या होडीतून उचललेली आहेत. रडर, पोर्ट, स्टारबोर्ड, बल्कहेड, नॉट्स, रोल, पिच, यॉ, सगळं दर्यावरचं. पण हेच मला नडलं. रडर म्हणजे सुकाणू हे आजोबांकडून पाठ, त्यामुळे विमान रडरने वळतं असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. विमान वळतं ते एका कुशीवर कलून. रडर फक्त नाक सरळ ठेवायला हातभार लावतो. राइट बंधूंचा सायकलचा धंदा होता, सायकलवाला वळताना आपोआप कलतो, म्हणून त्यांना हे लवकर उमगलं असं म्हणतात. होडीवाल्याला उशिरा उमगणार.

आणि ‘पिच’वर एक अख्खा रविवार ठेवा. नाक वरखाली होणं पिच, प्रोपेलरच्या पात्याचा कोन पिच, दोन रिव्हेटांमधलं अंतर पिच, स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर पिच, विमानातल्या पुढच्या-मागच्या खुर्च्यांमधलं अंतरही पिच. क्रिकेटचं वेगळंच.

घारापुरी

वाचनखूण साठवली आहे. एक बारीक दुरुस्ती: सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं. तारेत ५७ पडलं ती तार पाठवताना झालेली चूक. तार पाठवणाऱ्या ऑर्विल राइटचं नावही त्यात चुकीचं उमटलंय.

पाटीपेन्सिल

@घारापुरी, धन्यवाद. भागाकार ५९ नेच केला होता त्याने, मी मात्र तारेतला आकडा तसाच लिहिला.

सेफ्टीवायर

सतरा वर्षं विमान देखभालीत आहे. ताई, तुमच्या भाच्याला माझ्याकडून एक शब्द: ‘रिप्लेस’.

ट्रेनी असतानाची गोष्ट. जॉब कार्डवर दोन ओळी होत्या. एकीत फिल्टर रिप्लेस करायला सांगितलेलं, दुसरीत कॅप. मी फिल्टर काढला, स्वच्छ पुसला, आणि परत बसवला. कॅपही परत बसवली. कॅपच्या बाबतीत बरोबर होतो, कारण ‘रिप्लेस द कॅप’ म्हणजे झाकण होतं तिथे परत लावा. ‘रिप्लेस द फिल्टर’ म्हणजे जुना फेका, नवा घाला. एकच क्रियापद, एकाच पानावर, दोन उलटे अर्थ. माझ्यावरच्या साहेबांनी तपासणीत नव्या फिल्टरचं सीलबंद पाकीट टेबलावर तसंच पडलेलं पाहिलं म्हणून निभावलं. त्यानंतर ते जे बोलले ते इथे लिहिलं तर धागा उडेल.

असल्या गोंधळावर उपाय म्हणून विमान उद्योगाने चक्क एक छोटी इंग्रजी बनवली आहे, ती मात्र फार जणांना ठाऊक नसते. नाव सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या विमान कंपन्यांनी तक्रार केली की मॅन्युअलं वाचणाऱ्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, जरा दया करा. त्यातून १९८६ मध्ये पहिली मार्गदर्शिका निघाली. तत्त्व असं की एका शब्दाला एकच अर्थ आणि व्याकरणात एकच जागा. मान्य शब्द साधारण नऊशे, ज्या त्या यंत्राची नावं त्याखेरीज.

उदाहरणं द्यायचा मोह आवरत नाही. ‘क्लोज’ फक्त बंद करणं. जवळ म्हणायचं असेल तर ‘निअर’. ‘फॉलो’ म्हणजे नंतर येणं. सूचना ‘फॉलो’ करायच्या नाहीत, ‘ओबे’ करायच्या. ‘टेस्ट’ हे नाम आहे, म्हणून ‘टेस्ट द पंप’ चालत नाही, ‘डू अ टेस्ट’ लिहायचं. ‘ऑइल’सुद्धा नामच, ते ‘करता’ येत नाही. बिगिन, कमेन्स, इनिशिएट सगळे घरी पाठवलेत, फक्त ‘स्टार्ट’ नोकरीत. कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत.

मराठी माध्यमाच्या पोरांना मी हेच सांगतो, की आधी ही नऊशे शब्दांची इंग्रजी शिका. साहित्यिक इंग्रजीवाल्यांना हिचा राग येतो. येऊ दे. (ताई, तुम्हाला नाही म्हणत.)

पाटीपेन्सिल

म्हणताय मलाच. पण पटलं. वीस वर्षं मी मुलांना एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला म्हणून मार्क कापले आहेत, “समानार्थी शब्द शोधा, भाषा फुलवा” म्हणून. इथे भाषा फुलवणारा माणूस धोकादायक.

खडूस_मास्तर

इंजिनिअरिंगला शिकवतो. मुलं एका एका शब्दावर अडत नाहीत हो, अडतात ती नामांच्या मालगाडीवर. हे बघा: ‘मेन लँडिंग गिअर डोअर ॲक्च्युएटर अटॅचमेंट बोल्ट’. सात शब्द, सातही माहितीचे, आणि मुलगा विचारतो, “सर, यात नेमकं काय काढायचं? दरवाजा?”

मी त्यांना आठवीतलं मराठी व्याकरण काढायला लावतो. हा तत्पुरुष समास आहे. विग्रह कर. ‘राजपुत्र’ म्हणजे राजा की पुत्र? पुत्र. मुख्य पद शेवटी. मग इथे मुख्य पद बोल्ट. आता मागून पुढे ये: बोल्ट, कशाचा? जोडणीचा. कशाच्या जोडणीचा? ॲक्च्युएटरच्या. कुठला ॲक्च्युएटर? दरवाजाचा. कुठला दरवाजा? लँडिंग गिअरचा. कुठलं गिअर? मुख्य. झालं. ‘चा-ची-चे’ लावत मागे चालायचं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा आमची मुलं यात पुढे असतात, कारण त्यांना विग्रह ठाऊक आहे.

एक खाचखळगा आहे. ‘हाय प्रेशर टर्बाइन ब्लेड’ मध्ये ‘हाय’ कुणाला चिकटतो? पात्याला नव्हे, दाबाला. आधी ‘हाय प्रेशर’ची जोडी बांधायची, मग पुढे. चांगला लेखक तिथे जोडरेघ देतो. वाईट लेखक तुमच्यावर सोडतो. वर सेफ्टीवायर म्हणताहेत त्या नियमांत तीनपेक्षा जास्त नामं एका माळेत ओवू नका असंच आहे.

आकडेमोड

शब्दांचं ठीक आहे, पण तांत्रिक विषयात शेवटी आकडे बोलतात आणि आकडे सगळ्या भाषांत सारखेच. एवढा बाऊ कशाला?

सेफ्टीवायर

@आकडेमोड, गिमली ग्लायडर वाचा. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधनाचे काटे बंद, म्हणून टाकीतलं इंधन हाताने मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला कागदावर एक आकडा होता, १.७७. त्याने गुणलं, १३,५९७ आले, उरलेल्यासाठी ४,९१६ लिटर भरले.

१.७७ हे एका लिटरचं वजन होतं, पण पौंडात. किलोत ते ०.८ च्या जवळपास. ही त्या कंपनीची मेट्रिक मापातली पहिलीच विमानं, जुन्या विमानांना १.७७ च लागायचा. खरं तर भरायला हवे होते वीस हजार लिटर. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं गप्प. वैमानिकाला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायचा सराव होता म्हणून गिमलीच्या जुन्या हवाई तळावर, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या, ६९ माणसं जिवंत उतरली.

आकडा बरोबर, गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. शेजारचा एक शब्द नव्हता. आता बोला.

आकडेमोड

बोलत नाही. कॅल्क्युलेटर घेऊन तपासतोय. ... आलं बरोबर.

मराठा_गडी

नुसतं गोऱ्यांचं कौतुक चाललंय. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथात सगळं लिहिलंय. त्याचा रविवार कधी?

खडूस_मास्तर

ठेवा की. तळपदे खरे, त्यांची धडपड खरी. उड्डाण झाल्याचा त्या काळचा पुरावा मात्र नाही. ज्या ग्रंथाचा दाखला देतात तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. निष्कर्ष दोन: ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि त्यातली विमानं उडणारी नाहीत. तो निबंध मी वर्गात इंग्रजी वाचनासाठी देतो. आवाज न चढवता, वजनं आणि बळं मांडत ‘नाही’ कसं म्हणायचं, याचा त्याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही.

मराठी नावच हवं असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे घ्या. जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्रांटल या वायुगतिकीतज्ज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि परत येऊन एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवलं. १९५१ मध्ये उडालं, आणि वायुदलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. ज्या कारखान्यात घडलं तो १९४० मध्ये उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. शोधायला चौपाटीवर जायची गरज नाही.

मराठा_गडी

घाटग्यांचं माहीत नव्हतं. वाचतो. तळपद्यांबद्दल माझं मत कायम.

संपादक_मंडळ

तळपदे विषयावर याआधीचे चार धागे कुलूपबंद आहेत. इथे पाचवा नको. मूळ विषयाकडे या.

तुलूजकर

दक्षिण फ्रान्समध्ये विमानांच्याच कामात आहे, म्हणून गोऱ्यांची बाजू थोडी मांडतो. पहिल्या महायुद्धाआधी विमानांचा बाजार फ्रान्समध्ये भरायचा. जुलै १९०९ मध्ये ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, पुढच्याच महिन्यात रॅंसला विमानांचा पहिला मोठा मेळा झाला. जिथे कारखाने तिथले शब्द. म्हणून इंग्रजी मॅन्युअल उघडलं तरी निम्मी फ्रेंच निघते.

फ्युजलाज: मूळ फ्रेंच शब्द चातीचा. दोन्हीकडे निमुळती, मध्ये फुगीर. आजीच्या चरख्याची चाती आठवा आणि विमानाचं धड बघा. एलेरॉन, पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी: छोटासा पंख. नॅसेल, ज्यात इंजिन बसतं: छोटी होडी (मालवणकर खूश). एम्पेनाज, म्हणजे सगळी शेपटी: बाणाच्या मागे लावलेली पिसं. कानार: बदक, कारण छोटे पंख पुढे आणि मान लांब. संकटातला ‘मेडे’सुद्धा ‘मेदे’ म्हणजे ‘मला मदत करा’ यावरून. १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर ठरला, कारण तिथली बरीच ये-जा पॅरिसशी होती.

इंग्रजीला हे शब्द अडले तेव्हा तिने भाषांतर केलं नाही, तसेच उचलले. पण नेहमी असं नाही. प्रांटलने १९०४ मध्ये पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराला ‘ग्रेन्झशिष्ट’ म्हटलं. ग्रेन्झ म्हणजे सीमा, शिष्ट म्हणजे थर. इंग्रजांनी त्याचं सरळ ‘बाउंडरी लेअर’ केलं. त्यामुळे कुणी ‘सीमास्तर’ म्हटलं की हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. इंग्रजी शब्दही अनुवादच आहे.

घारापुरी

इथे ‘शिष्ट’ या शब्दाचा अर्थ ‘थर’ निघाला, हे आमच्या हाऊसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवतो.

हॉट_सेक्शन

नमस्कार, मी तो भाचा. मावशीने मला न विचारता धागा काढला. अटॅक म्हणजे हल्ला हे मी जर्नलमध्येही लिहिलं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही. आता कळेल.

मास्तर, विग्रहाची युक्ती काल वापरली. ‘फ्युएल टँक व्हेंट व्हॉल्व्ह फ्लोट आर्म’. आर्म काढायचा होता. वर्गात अर्ध्यांनी व्हॉल्व्ह सांगितला.

माझा अडलेला शब्द: ‘वॉशआउट’. वाक्य असं आहे की या पंखाला तीन अंशांचा वॉशआउट दिला आहे. अंश आहेत म्हणजे कोन असणार इतपत कळलं. पुढे गाडी जात नाही.

सेफ्टीवायर

शाब्बास, अंश बघितलेस. पंखाला दिलेला पीळ आहे तो. बुंध्याशी कोन जास्त, टोकाकडे कमी कमी होत जातो. टोकाला तीन अंश कमी, असा त्याचा अर्थ. आता तूच सांग, असा पीळ का देत असतील? एलेरॉन पंखाच्या कुठल्या भागात असतो ते आठव, आणि मावशीच्या पहिल्या वाक्याकडे जा.

हॉट_सेक्शन

एलेरॉन टोकाकडे. टोकाचा कोन कमी, म्हणजे क्रिटिकल अँगल बुंधा आधी गाठणार. बुंधा आधी स्टॉल होईल, टोकावर हवा चिकटून राहील, एलेरॉन चालू राहतील. म्हणजे स्टॉल होत असतानाही विमान आडवं सांभाळता येईल?

सेफ्टीवायर

अगदी. सुट्टीत बेसवर ये, पंखाच्या टोकाशी उभा राहून एका डोळ्याने बुंध्याकडे बघ. पीळ दिसतो.

पाटीपेन्सिल

थांबा. म्हणजे वॉशआउट म्हणजे धुऊन काढणं नाही? मी त्याला कालच पोह्यांच्या वेळी तसं सांगितलं.